जीपच्या मागच्या एक्सलचा आकडा

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा

जीप आली. महिंद्राची सीजे थ्रीबी, उंच बॉनेटची, हरिकेन पेट्रोल इंजिनाची. विलिसनं १९५३ साली अमेरिकेत काढलेलं हे मॉडेल आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं, त्यामुळे सुटे भाग मिळतील या भरवशावर घेतली. झेंडूचा हार, नारळ झाला, हिनं चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडून ऐटीत पुढे गेलो आणि पार्किंगच्या तोंडाशी गाडी बंद पडली. ढकलून आत घेतली.

पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा फिरता लोखंडी नळा, जागेवर नाही. विकणाऱ्याला त्याच दिवशी विचारलं होतं. "पुण्यात कशाला लागतंय फोर बाय फोर? आवाज करायचा, टाकला काढून." शाफ्ट कुठाय? "असेल कुठेतरी." या उत्तरावर दोन हजार कमी करून घेतले आणि स्वतःवर खूश झालो.

२९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी साडेसहाला बायपासवर. वारज्यापासून कात्रजपर्यंत जाऊन परत. ब्रेक डावीकडे ओढतात, स्टिअरिंगला बोटभर खेळ आहे, हे सगळं धरूनच चाललो होतो. एक गोष्ट मात्र चमत्कारिक. मोबाइलवर ताशी ६० दिसत होतं तेव्हा गाडीचा काटा ५४-५५ वर. जुने स्पीडोमीटर थापा मारतात हे माहीत आहे, पण ते वाढवून सांगतात. कमी सांगणारा पहिल्यांदाच पाहिला.

टायर मोठे घातले असले तर असं होतं. घरी येऊन पाहिलं तर ६.००-१६, मूळ मापाचेच. टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारून गाडी बरोबर एक फेरा ढकलली, अंतर २ मीटर २१ सेंटिमीटर भरलं. ठीकच आहे. म्हणजे स्पीडोमीटरच्या केबलचा छोटा गिअर कुणीतरी बदललाय, असं वहीत लिहून विषय संपवला.

५ नोव्हेंबर

मागच्या चाकाची ऑइल सील आणायला गेलो तर दुकानदारानं पहिला प्रश्न टाकला, "एक्सल कुठला?" मी म्हणालो, जीपचा. त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

म्हणून आज गाडीखाली. तारेचा ब्रश, रॉकेल, पत्र्याची खरवडणी. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "हरवलंय का काही?" दीड तास काळा राप खरवडल्यावर एक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा आस, दिसायला लागला.

पहिली खूण लांबूनही दिसते. डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर ज्यात असतात तो, मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला आहे. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून, प्रोपेलर उजव्या अंगानं बाहेर पडतो, म्हणून गोळाही त्याच्या समोर. गोळा मधोमध असता तर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा एक्सल आणून बसवलाय असं समजलो असतो. दुसरी खूण, एक्सलच्या कवचाच्या बरगडीवर ओतकामातच उठलेला आकडा, ४४. म्हणजे स्पायसर कंपनीचा चव्वेचाळीस नंबर, सीजे थ्रीबीला मागे जो असायचा तोच. मागच्या झाकणाला दहा बोल्ट. त्यातल्या खालच्या एका बोल्टखाली नखाएवढी पत्र्याची पट्टी दाबलेली. थुंकी लावून अंगठ्यानं घासली. त्यावर ठसे दिसले, ४३ आणि ८.

पिनियन म्हणजे प्रोपेलरच्या टोकाचा छोटा गिअर, क्राउन म्हणजे तो ज्याला फिरवतो ते मोठं चक्र. क्राउनला ४३ दाते, पिनियनला ८. भागाकार ५.३७५, बोलताना ५.३८. प्रोपेलर जवळजवळ साडेपाच वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला ३९ आणि ८ होते, म्हणजे ४.८८. युद्धानंतर १९४५ मध्ये नागरी जीप निघाली ती शेतात नांगर ओढायलाही चालावी म्हणून, तिला ५.३८ दिलं आणि थ्रीबीपर्यंत तेच राहिलं. सगळं पुस्तकाबरहुकूम. वहीत लिहिलं, 'मागचा एक्सल : ४४ नंबर, ५.३८', आणि खाली दोन रेघा मारल्या.

८ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून जुना बाजार. पितळी समया, पलंगाचे पाय, टाइपरायटर, आणि त्याच्या पलीकडे लोखंडवाले. पुढचा प्रोपेलर मिळाला. अडीच हजार म्हणाला, अठराशेला दिला. शाफ्टच्या टोकांच्या सांध्यातले क्रॉस, त्यांचे बेरिंग गेलेत, ते नवे घालावे लागतील. रिक्षात शाफ्ट मांडीवर आडवा घेऊन आलो. रिक्षावाल्यानं वाटेत दोनदा विचारलं, तोफेचा भाग आहे का.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळीत काम शून्य. नखातलं ग्रीस मात्र उटण्यालाही हटलं नाही, आणि ओवाळताना ताईनं ते सगळ्यांना दाखवलं.

१९ नोव्हेंबर

हा दिवस नीट लिहून ठेवतो.

सकाळी प्रोपेलर बसवला. दोन नवे क्रॉस, आठ बोल्ट, ग्रीस. अकरा वाजता सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर गाडी काढली आणि पुढच्या एक्सलचा दांडा फोर व्हीलमध्ये टाकला. पहिले तीन-चार मीटर गाडी गेली. मग कुणीतरी मागून दोर बांधून ओढल्यासारखी जड झाली. ॲक्सिलरेटर वाढवला तर पुढचं टायर डांबरावर 'चीं' करून घसरलं, एक गचका, इंजिन बंद. गाडी फाटकात आडवी.

दांडा काढायला गेलो तर हलेना. दोन्ही हातांनी, पाय डॅशबोर्डला लावून ओढला. जाम. मागे दूधवाल्याचा टेम्पो, पुढे लग्नाला निघालेली एक इनोव्हा, आणि वरून काकू, "गाडी इथेच ठेवणार आहेस का आता?"

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांना काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "डांबरावर टाकली ना फोर बाय फोर? रिव्हर्स मारा साहेब, दोन हात मागे घ्या." मारला. सुटलं नाही. मग पुढचं डावं चाक जॅकवर घ्यायला सांगितलं. टायर जमिनीवरून सुटताक्षणी चाक आपोआप पाव फेरा उलटं फिरलं, खट्ट! त्या वेळी टायरला हात लावलेला असता तर मनगट गेलं असतं. त्यानंतर दांडा एका बोटानं निघाला.

या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या प्रोपेलरच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोर व्हीलमध्ये दोघांना एकत्र बांधलं जातं, दोघांचे फेरे सारखेच. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते डांबरावर जमत नाही आणि सगळ्या शाफ्टांना पीळ बसतो. मातीत टायर थोडे घसरतात आणि पीळ निघून जातो. हे कबूल, चूक माझी. पण मी वळलोच नव्हतो. सरळ रस्त्यावर, चार मीटरात, एवढा पीळ?

संध्याकाळी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, मातीत, पुन्हा टाकून पाहिली. सरळच चालवली. इथे जाम झाली नाही, पण ओढ तीच, आणि पुढच्या चाकांनी मातीत खरडल्यासारखे पट्टे काढले.

२० नोव्हेंबर, रात्री

पट्टीवर भरवसा न ठेवता स्वतः फेरे मोजायचं ठरवलं. मागचं उजवं चाक उचलायचं, डावं जमिनीवर, गिअर आणि ट्रान्सफर न्यूट्रल. चाकावर खडूची खूण, प्रोपेलरवर खडूची खूण.

आधी गाढवपणा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलरलाच एक ड्रम असतो त्यावर लागतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियल त्याला मोकळं फिरू देतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. हे वाचलेलं होतं. तरीही विटा लावायच्या आधी जॅक चढवला. गाडी वीतभर सरकली, जॅक तिरपा झाला. खाली शिरलो नव्हतो म्हणून ही नोंद लिहितोय. नंतर बाकीच्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी विटा, एक्सलखाली घोडी (लोखंडी टेकू), आणि मगच हँडब्रेक सोडला. तो सोडल्याशिवाय प्रोपेलर फिरतच नाही.

चाक एक फेरा फिरवलं. प्रोपेलर दोन फेरे आणि अर्ध्याला जरा कमी. पुन्हा केलं, तेच. चूक कमी व्हावी म्हणून चाक दहा फेरे फिरवलं, प्रोपेलर चोवीस आणि साधारण अर्ध्याच्या अलीकडे. म्हणजे २.४४.

५.३८ कुठे आणि २.४४ कुठे. एवढ्या गुणोत्तराची जीप बिबवेवाडीचा चढसुद्धा चढणार नाही. हिला सांगितलं. ती म्हणाली, झोप आता.

२६ नोव्हेंबर

मिस्त्री घरी आले. ऑइलचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले, माझी वही वाचली आणि हसले.

"साहेब, एक चाक तुम्ही धरून ठेवलंय."

"हो, जमिनीवर होतं."

"मग त्याच्या वाटणीचं फिरणं कुणी केलं? याच चाकानं."

इतकं साधं होतं. उघड्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अडवलं की दुसरं क्राउनच्या दुप्पट फिरतं. चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. दहा फेऱ्यांत क्राउन पाचच वेळा फिरला होता. २.४४ ची दुप्पट ४.८८.

मिस्त्री बिडी पेटवायला निघाले होते ते थांबले. "पट्टीवर किती म्हणालात?"

"त्रेचाळीस आठ. पाच अडतीस."

"पुढचा मोजला?"

नव्हता मोजला. लगेच पुढचं चाक उचललं. दहा फेरे, या वेळी मिस्त्री चाक फिरवत होते आणि मी शाफ्टखाली आडवा पडून मोठ्यानं मोजत होतो. सव्वीस पूर्ण आणि वर जवळजवळ एक. २६.९. म्हणजे ५.३८. मिस्त्रींनी फरशीवर खडूनं दोन आकडे एकाखाली एक लिहिले, ५.३८ आणि ४.८८, आणि शेजारी मोठा भोपळा काढला.

पुढचा एक्सल एका गुणोत्तराचा, मागचा दुसऱ्या. दोन्ही प्रोपेलर बांधले की मागची चाकं दहा मीटर जातात तेवढ्यात पुढची चाकं नऊ मीटर सात सेंटिमीटरच जाऊ पाहतात. उरलेलं मीटरभर अंतर टायरनं घासून काढायचं, नाहीतर शाफ्टनं पिळून. एखाद्या टक्क्याचा फरक खपतो, पुढे ४.१० आणि मागे ४.०९ असे एक्सल कंपन्याच देतात. इथे फरक दहा टक्क्यांवर.

स्पीडोमीटरचंही उत्तर हेच. काटा ट्रान्सफर केसवर चालतो आणि तो ५.३८ धरून बनवलेला आहे. मागे ४.८८ असल्यावर त्याच वेगाला प्रोपेलर कमी फिरतो, साठला चोपन्न दिसतं. उत्तर २९ ऑक्टोबरपासून समोर होतं. मी केबलच्या गिअरवर ढकलून दिलं होतं.

३ डिसेंबर

झाकण उघडलं. आकड्यांनी सिद्ध झालं असलं तरी दाते डोळ्यांनी पाहायचे होते.

खाली परात ठेवून दहा बोल्ट सैल केले, खालच्या फटीतून ऑइल सुटलं. जुन्या गिअर ऑइलचा तो गंधकाचा वास दोन दिवस पार्किंगमधून जाणार नाही, आणि तशी चिठ्ठी लिफ्टजवळ संध्याकाळपर्यंत लागलीच. चुंबकाला करड्या पावडरीचा पातळ थर लागला, तुकडा एकही नाही.

पहिल्यांदा मोजले ते ३८. एका दाताला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून पुन्हा मोजले, ३९. क्राउनच्या कडेवरही ठसा होता, ३९ आणि ८, शेजारी जोडीचा नंबर. पिनियनच्या तोंडावर तोच नंबर. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच जुळवतात, म्हणून दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो. ३९ आणि ८ या दोघांना भाग जाईल असा एकाशिवाय कुठलाच आकडा नाही, ४३ आणि ८ लाही नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीनं भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. या जोडीचे दाते खरोखर सुंदर आहेत, एका रेषेत चमकतात. ज्यानं बसवली त्याचा हात चांगला होता.

मग पट्टी खोटी का? मला फसवणूक वाटत नाही. झाकण परत लावताना जिथली पट्टी तिथेच बोल्टखाली गेली, एवढंच. आधीच्या कुठल्यातरी मालकाला हायवेवर इंजिनाची धाप कमी करायची होती. ताशी ६० ला टॉपमध्ये ५.३८ वर इंजिन मिनिटाला सुमारे २४३० फेरे मारतं, ४.८८ वर २२०५. कानाला हा फरक चांगला जाणवतो. मिस्त्री म्हणतात ही जोडी 'मिलिट्रीची'. महायुद्धातल्या जीपचा मागचा एक्सल वेगळा होता, तेवीस नंबरचा, तेव्हा त्या जीपमधली तरी ही नव्हे. मी वाद घातला नाही. पुढच्या एक्सलचं काम करायचं कुणी टाळलं, पैशामुळे असेल. मग फोर व्हील ओढायला लागली, आणि शाफ्ट काढून टाकला. 'आवाज करायचा' हे अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं.

मिस्त्रींचा सल्ला, आहे तशी टू व्हीलवर चालवा. हिचाही तोच. पण मला ही गाडी पानशेतच्या पलीकडच्या चढांसाठी हवी आहे, पाषाण रोडसाठी नाही. तीन गिअरचा बॉक्स आणि म्हातारं इंजिन, त्याला ५.३८ च बरं. शिवाय पुढचा एक्सल लहान नंबरचा, त्याची ३९-८ शोधत फिरण्यापेक्षा मागची ४३-८ मिळणं सोपं.

९ डिसेंबर

नाना पेठ. तिसऱ्या दुकानात जोडी मिळाली, ऑइलच्या कागदात गुंडाळलेली. घरी येऊन उघडली तर क्राउनवर एक नंबर, पिनियनवर दुसरा. दाते ४३ आणि ८ च, पण एकमेकांचे नव्हेत. अशी जोडी बसवली की पहिल्या दिवसापासून रडते. परत नेली. दुकानदाराचं म्हणणं, "नंबर कोण बघतंय?" पैसे परत घ्यायला पाऊण तास लागला. संध्याकाळी मिस्त्रींच्या ओळखीनं एका बंद पडलेल्या थ्रीबीतली वापरलेली जोडी ठरली. नंबर टॉर्चनं वाचले, दोनदा. जुळतात.

१६ आणि १७ डिसेंबर

मिस्त्रींच्या शेडमध्ये, दोन पूर्ण दिवस.

शनिवार हबनी खाल्ला. मागचे हब निमुळत्या शाफ्टवर बसवलेले असतात, पुलरशिवाय, म्हणजे स्क्रूनं ओढून काढायच्या हत्याराशिवाय, येत नाहीत, आणि उजवा पुलरनंही येईना. मिस्त्रींनी पुलर ताणून ठेवला, शाफ्टचा नट चार आट्यांवर तसाच राहू दिला, आणि म्हणाले चला चहाला. चहा निम्म्यावर असताना शेडमधून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. हब आपला आपण सुटला होता. तो नट नसता तर ड्रम रस्त्यावर सापडला असता.

रविवारी जोडी. नव्या क्राउनसाठी आतलं घर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भाग, बदलावं लागलं नाही, दोन्ही गुणोत्तरं त्याच घरावर बसतात. खरं काम पातळ चकत्यांचं, म्हणजे शिमचं. पिनियन किती आत, क्राउन किती डावीकडे, सगळं या चकत्या ठरवतात. तपासायला मिस्त्रींनी तेलात शेंदूर कालवला, मारुतीला लावतात तसाच, आणि ब्रशनं पाच-सहा दात माखले. मी चाकाकडून अडवून धरलं, त्यांनी पिनियन पुढे-मागे फिरवला. शेंदूर पुसला गेला तिथे डाग उमटला, आणि तो दाताच्या मुळाशी होता.

"पिनियन आत गेलाय."

सगळं परत बाहेर. एक चकती कमी. पुन्हा शेंदूर. आता डाग वर आला पण आतल्या टोकाला गेला, म्हणजे क्राउन पिनियनला फार चिकटला. पुन्हा पहार घालून घर बाहेर, एक चकती या अंगाची त्या अंगाला. चौथ्यांदा डाग दाताच्या मधोमध आला, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा. डायल गेज लावला, दातांमधली मोकळीक सात थाउ, म्हणजे इंचाचे सात हजारांश. मिस्त्रींनी गेजकडे पाहिलंही नाही, बोटांनीच क्राउन हलवून मान डोलावली होती.

नवं पॅकिंग, नव्वद नंबरचं ऑइल. पट्टी रॉकेलनं धुऊन त्याच बोल्टखाली लावली.

२४ डिसेंबर

बायपासवर मोबाइल ६०, काटा ५९. इंजिन जास्त ओरडतं, हे मान्य.

पुढे पानशेतच्या काठाला, पाणी ओसरलेल्या गाळात. दांडा टाकला. कसलीही ओढ नाही. चारी चाकांनी एकाच लयीत माती उचलली, गाडी वर आली. वर येऊन दोन बोटांनी दांडा काढला. मग उगाचच परत खाली गेलो आणि परत वर आलो. धाकटा भाऊ म्हणाला, आता पुरे. अजून एकदा केलं.

३१ डिसेंबर

वहीतली ५ नोव्हेंबरची दोन रेघांची ओळ खोडली नाही, शेजारी लिहिलं : 'पुढे २६.९, मागे २६.९, दहा फेऱ्यांत. स्वतः मोजलं.' ३९-८ ची जोडी ग्रीस लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर, फराळाच्या डब्यांच्या मागे. हिला अजून सांगितलेलं नाही.

उजव्या हबमधून थेंब पडतोय. ती सील राहूनच गेली. उद्या दुकान उघडलं की जातो. या वेळी 'एक्सल कुठला' विचारलं तर उत्तर आहे.